भरून ठेवलेल्या बॅटऱ्या

१२ ऑक्टोबर

राजा,

खोकं पोचलं. वर माझं नाव घातलंस, पण आतला माल माझा नाही हे झाकण उघडताच कळलं. ताडपत्र्या शिवणाऱ्या बाईला ड्रोन कशाला लागतो? चिठ्ठीत लिहिलंस, "खिडकीत बसून कंटाळा येत असेल तर उपयोग होईल." कंटाळा कुणाला, ते लिहिलं नाहीस. तुम्ही बापलेक एकमेकांचं नाव असं टाळता की गाळलेल्या जागा भरायचं काम कायम माझ्याकडे.

दोन दिवस बाबांनी त्या खोक्याकडे ढुंकून पाहिलं नाही. नंतर एका संध्याकाळी मी कारखान्यातून आले, तर खुर्ची खिडकीला भिडवलेली, डावा पाय स्टुलावर, मांडीवर पाण्याची बाटली आणि नजर त्या छोट्या पडद्यावर. ड्रोन समोरच्या गच्च्यांवरून फिरत होता. मी चहा टाकू का विचारलं, तर म्हणाले, "थांब जरा, मी वर आहे."

जन्मभर उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसलेला माणूस. अर्धांगाचा झटका आला, डावा पाय लुळा पडला, तेव्हापासून तिसऱ्या मजल्याच्या वर ते गेलेले नाहीत. "मी वर आहे" हे शब्द मी किती दिवसांनी ऐकले असतील. स्वयंपाकघरात जाऊन मी रडून घेतलं आणि मग चहा टाकला.

आता मुद्द्याचं. काल जेवताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "विचार त्याला, याहून मोठी बॅटरी बसते का. ही वीस-पंचवीस मिनिटांत खाली यायला लावते. एवढा वेळ तर मला शिडी चढायला लागायचा."

"त्याला" म्हणाले. तू घर सोडून गेलास तेव्हापासून या घरात तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मी लगेच कागद घेऊन बसले नाही, नाहीतर माझी घाई त्यांना दिसली असती. भांडी घासली, मग बसले.

उत्तर कागदावर पाठव, फोन नको. दोन खोल्यांचं घर आहे, फोनवर मी काय बोलते ते त्यांना ऐकू जातं आणि तू काय बोलतोस ते जात नाही. शिवाय कागद असला की त्यांना हातात धरता येईल. तू तिकडे प्रयोगशाळेत बॅटऱ्या दाबून, टोचून, जाळून तपासतोस, म्हणजे तुझा शब्द त्यांना मानावा लागेल. मानतील असं वाटतं.

आई


२ नोव्हेंबर

राजा,

तुझं पत्र मी टेबलावर ठेवून भाजी आणायला गेले. आले तेव्हा ते पुन्हा जिथल्या तिथे, पण घडी उलटी. म्हणजे वाचलं. चष्मा पुसायचं फडकंही तिथेच राहिलं होतं.

तू लिहिलंस ते मला समजलं. बॅटरी मोठी म्हणजे वजन जास्त, आणि ते वजन वर धरून ठेवण्यातच जास्तीची बरीचशी वीज खर्च होते. प्रवासात भूक लागेल म्हणून एवढा मोठा डबा घ्यायचा की तो वाहूनच भूक लागावी, तसं. शिवाय पंख्यांच्या मोटरी तापतात, थांबायला जागा जास्त लागते, कंपनीची हमी जाते, एका वजनाच्या पुढे परवाना काढावा लागतो, आणि बाजारातल्या वाढीव बॅटऱ्यांवर छापलेल्या आकड्याचा काही भरवसा नाही. शेवटी तू लिहिलंस, "मोठी नको." खाली रेघसुद्धा मारलीस.

सगळं खरं असेल. पण ती रेघ मारली नसतीस तर बरं झालं असतं. तुझ्या बाबांना "नको" ऐकलं की कान बंद होतात हे तुला ठाऊक आहे, कारण तुझंही तेच आहे.

म्हणाले, "यंत्रावर लिहिलेल्या आकड्याच्या पुढे थोडी जागा ठेवलेली असते. बनवणारे काय वेडे आहेत?" क्रेनवर ती जागा त्यांना बरोबर कळायची, हे सगळे मान्य करतात. बॅटरीत ती जागा कुठे असते, असते की नसते, हे मला माहीत नाही. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, "तू शिलाई बघ."

मग बाबांनी फोन केला आणि खेळण्यांच्या दुकानाचा तो चष्मा लावणारा मालक स्वतः जिने चढून आला. सोबत बॅटरी. आधीच्या दुप्पट जाड, वर पिवळी टेप, कंपनीचं नाव वाचता येऊ नये इतकं बारीक. ड्रोनच्या पोटात मावेना म्हणून बाहेरून बांधायची ठरली. पट्टा कुणी शिवला म्हणशील, तर मी. दुहेरी शिलाई घातली. सुटून कुणाच्या डोक्यात पडण्यापेक्षा घट्ट बसलेली बरी, एवढाच विचार मी केला.

तू रागावशील. पण त्यांनी बॅटरी हातात घेऊन विचारलं, "तो रोज अशाच हाताळतो का?" मी हो म्हटलं. किती वेळ तिच्याकडे बघत होते. मी ती परत पाठवायला हवी होती, पण त्यानंतर मला ते जमलं नाही.

आई


२६ नोव्हेंबर

राजा,

नदीपलीकडे ते मोठं बांधकाम चालू आहे ना, तिथवर आता ड्रोन जातो आणि परत येतो. आधीच्या बॅटरीत पुलापर्यंतच जायचा. क्रेनच्या अगदी जवळ नेत नाहीत, नदीवरच थांबवतात. म्हणतात, केबिनमधल्या माणसाची नजर ढळू द्यायची नाही. तिथून बघत बसतात आणि तोंडाने चालू असतं, "अरे आता वळव. उशीर करतोयस. हां, असं." मला हाक मारून दाखवतात. मला पडद्यावर काड्या दिसतात, पण मी "छान" म्हणते.

रोज दाढी करायला लागले आहेत. दुसरी मोठी बॅटरीही घेतली, एक वर असताना एक घरात तयार हवी म्हणून. मिनिटं काही दुप्पट झाली नाहीत, तू म्हणालास तसंच. हे मी मोजलं, त्यांनी नाही.

आता जे सांगू नये ते सांगते. परवा परत येताना ड्रोन थांबवला तिथे थांबलाच नाही. तसाच पुढे सरकला आणि आपल्या इमारतीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला घासला. तिथे वरच्या मजल्यावरची नर्सबाई कपडे वाळत घालत होती. तिच्यापासून हातभर अंतरावर. ती भली, हसून म्हणाली, "काका, मला आत्ताच न्यायला आलात का?" बाबा हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून गच्ची मोकळी आहे का हे आधी मला बघायला लावतात.

तुझी सूचना मी त्यांना वाचून दाखवली. उडवायचं नसेल तेव्हा बॅटरी निम्मीच भरलेली ठेवावी, पूर्ण भरून दिवसचे दिवस ठेवली की आतून खराब होते आणि फुगते, मोठी तर जास्त धोक्याची. मी अगदी सावकाश वाचलं. त्यांचा चेहरा बदलला.

"यंत्र अर्धवट ठेवून पाळी सोडायची? पुढची पाळी कुणी सांभाळायची मग? हे त्याचं पहिल्यापासूनच."

मी म्हटलं, "अहो, तो बॅटरीबद्दल बोलतोय."

"मला कळतंय तो कशाबद्दल बोलतोय."

तुला सांगायला नको, ह्यांनी आयुष्यात कधी केबिन सोडताना यंत्र अर्धवट ठेवलं नाही. तेल, साफसफाई, सगळं करून खाली उतरायचे, पुढच्या माणसाने नुसतं बसायचं. त्याच सवयीने दोन्ही बॅटऱ्या रोज काठोकाठ भरून ठेवतात, वारा असो नसो. ज्या गोष्टीबद्दल लोक त्यांना मान द्यायचे तीच करू नका असं आपण सांगतो आहोत, आणि तेही तू सांगतो आहेस.

त्या दिवशी साइटवर नक्की काय झालं ते तुम्ही दोघांनी मला कधी सांगितलं नाही. नळ्यांचा भारा हेलकावला, तुमच्यातल्या त्या मजुराचा, पैलवानाचा, पाय गेला, खाली इशारे द्यायला तू होतास, वर हे होते. आणि सगळ्यांसमोर हे म्हणाले, "हा खाली असेल तर मी वर चढणार नाही." एवढंच मला लोकांकडून कळलं. चूक कुणाची ते मी विचारत नाही, आता विचारून काय करणार. पण बॅटरीचा विषय निघाला की तुम्ही दोघं तिथेच जाऊन उभे राहता, आणि मी मधे.

आई


१८ डिसेंबर

राजा,

आठवडा झाला, वारा थांबत नाही. बाबा वाऱ्यात उडवत नाहीत, त्या बाबतीत ते तुझ्याहूनही कडक आहेत. सकाळी खिडकी उघडतात, ओला हात बाहेर धरतात आणि बंद करतात. ड्रोन टेबलावर, बॅटऱ्या भरून तयार.

त्यातली एक फुगली आहे.

आधी मला वाटलं माझ्याच नजरेचा दोष. टेबलावर सपाट ठेवली तर डुगडुगते. टेपची कड सुटली आहे. मी दाखवलं तर म्हणाले, "थंडीने." थंडीत बॅटरी लवकर उतरते हे त्यांनी कुठेतरी वाचलंय, म्हणून रात्री दोन्ही बॅटऱ्या पायाशी पांघरुणात घेऊन झोपतात. मला झोप येत नाही. मी त्यांच्या श्वासाकडे लक्ष देते आणि पांघरुणाकडेही.

काहीतरी करायलाच हवं म्हणून मी एक पिशवी शिवली. वेल्डिंग करणाऱ्यांसाठी आम्ही पडदे शिवतो, ठिणगी पडली तरी जळत नाहीत, त्याच कापडाची. दोन बॅटऱ्या शेजारी शेजारी बसतील एवढी. आतून कापसाचा जाड थर दिला, धक्का लागू नये आणि ऊबही राहावी. वर दोरीने आवळायचं तोंड, धरायला जाड पट्टा. बाबांनी पिशवी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "हे खरं काम." त्यांच्याकडून असं ऐकायला मिळालं याचा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

तरी जीव टांगणीला आहे. बॅटऱ्या उचलून मीच कुठेतरी टाकून येऊ शकते. ते माझ्या मागे जिने उतरू शकत नाहीत, हेही मला माहीत आहे, आणि म्हणूनच हात धजत नाही. ज्याला पायाने अडवता येत नाही त्याच्या हातातलं काढून घ्यायचं कसं? आणि काढून घेतलं तर उरेल काय? ते परत खिडकीत बसणार, तुला विचारायला त्यांच्याकडे काही नसणार, आणि मला तुला लिहायला "आम्ही बरे आहोत" याखेरीज काही नसणार. या दोन महिन्यांत तुमच्यात जेवढं बोलणं झालं ते सगळं या बॅटऱ्यांबद्दल आहे. त्या मला घरात नको आहेत आणि घराबाहेरही नको आहेत. अशी अडकले आहे मी.

एक मागते. एकदा त्यांना लिही, माझ्या नावाने नको. ओरडू नकोस, रेघा मारू नकोस. फुगलेल्या बॅटरीचं काय करायचं ते उस्ताद माणसाला सांगावं तसं सांग. ते ऐकतीलच असं नाही. पण माझं तर नक्कीच ऐकत नाहीत.

लवकर लिही. या वेळी खरंच लवकर.

आई


१४ जानेवारी

राजा,

हे पत्र मी नर्सबाईच्या घरी बसून लिहिते आहे. बाबांनी तुला कळवू नको म्हणून मला बजावलंय, आणि मी हो म्हटलंय. तरी लिहिते आहे.

आग लागली. बाबा जिवंत आहेत, हे आधी वाच आणि मग पुढे जा.

दुपारची वेळ होती, मी कारखान्यात. ते खुर्चीत होते, पिशवी पलंगावर पांघरुणाखाली. आधी फुसफुस ऐकू आली म्हणाले, कुकरची शिटी येण्याआधी येते तशी. मग कडवट गोडसर वास. पांघरूण ओढलं तोवर पिशवीच्या तोंडातून धूर आणि ठिणग्या सुटल्या होत्या, गादीने पेट घेतला होता. दार त्यांच्यापासून चार पावलांवर. काठी घेऊन ते बाहेर पडू शकत होते. तेवढं त्यांना जमतं.

ते बाहेर पडले नाहीत. पिशवी उचलली आणि खिडकीशी गेले, बाहेर टाकायला. खाली एक बाई बाळाची गाडी ढकलत चालली होती. तिच्यामागे आणखी कुणी. म्हणून हे पिशवी खिडकीबाहेर हातात धरून उभे राहिले. ओरडायला गेले तर धुराने आवाज फुटेना. ती माणसं पुढे जाईपर्यंत त्यांनी हात सोडले नाहीत. नर्सबाईने वरून पाहिलं, तीच धावत खाली आली. ती म्हणते, पिशवी मोकळ्या जागेत पडली, नेम धरल्यासारखी, आणि पडल्यावरही दोनदा पेटली.

बाहेरचं कापड जळलं नाही. मी शिवलेलं कापड शाबूत राहिलं आणि आत मी भरलेला कापूस पेटला. एक बॅटरी पेटली ती शेजारच्या दुसरीला घेऊन. बाहेरची ठिणगी आत जाऊ नये एवढंच माझ्या डोक्यात होतं, जन्मभर तेच शिवत आले. आतूनच पेटेल याचा विचार मी केला नाही. पट्टा तेवढा मजबूत निघाला, म्हणून त्यांना ती इतका वेळ धरता आली. याचं बरं वाटून घ्यायचं की काय, मला समजत नाही.

पलंग, गाद्या, पडदे गेले. भिंत काळी झाली. ड्रोन कोपऱ्यात वितळून पडलाय. आधीची छोटी बॅटरी तेवढी वाचली होती, ती आग विझवणारे घेऊन गेले. धुराने छाती भरली होती ती आता बरी आहे. दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत बांधलेले. उजव्या हाताची बोटं पूर्वीसारखी वळतील का, विचारलं तर डॉक्टर म्हणतात, बघू. मी रोज विचारते आणि ते रोज बघू म्हणतात. घास मी भरवते. तेव्हा ते डोळे मिटून घेतात.

तुझं पत्र आलं. आग लागून गेल्यावर. पाकिटावरची तारीख मी पाहिली, तू वेळेवर टाकलं होतंस, वाटेत कुठे पडून राहिलं कोण जाणे. त्यांच्या नावाने होतं. मी दवाखान्यात नेलं आणि म्हटलं, वाचू का. म्हणाले, समोर धर. पलंगाशी उभी राहून मी एकेक पान धरत गेले, मान हलली की पुढचं. बॅटरी भरायची नाही, टोचायची नाही, घराबाहेर वाळूच्या बादलीत ठेवायची, सगळं तू इतकं नीट लिहिलं होतंस. एकही रेघ नव्हती. दुसरं पान त्यांनी पुन्हा धरायला लावलं.

संपल्यावर म्हणाले, "बरोबर आहे त्याचं."

मग म्हणाले, "त्याला यातलं काही कळवू नकोस. त्याला वाटेल, त्याने पाठवलं म्हणून झालं. एकदा सगळ्यांसमोर त्याच्यावर टाकलंय मी, आता पुन्हा नको."

मी खाली जाऊन दवाखान्याच्या दाराशी उभी राहिले. ते वाक्य तुला ऐकू जायला हवं होतं, आणि ते तुला कळता कामा नये म्हणून त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. मी काय करायला हवं होतं ते मला या वयातही समजत नाही. म्हणून वचन मोडते आहे. तुझ्यामुळे काही झालेलं नाही. तू सांगितलंस ते खरं होतं, त्यांनी केलं ते त्यांच्या सवयीने केलं, आणि मी शिवलं ते मला येतं तसं शिवलं.

ये असं म्हणत नाही. म्हणायचं आहे, पण म्हटलं आणि तू आला नाहीस तर मला ते सोसणार नाही. त्यापेक्षा दुसरं एक कर.

काल औषधाची वेळ झाली म्हणून मी त्यांना उठवलं. गोळी गिळून म्हणाले, "विचार त्याला, छोटी बॅटरी निम्मी भरून ठेवली तर किती महिने टिकते." घरात आता छोटी, मोठी, कुठलीच बॅटरी नाही. हे त्यांना माझ्याइतकंच माहीत आहे. मी म्हटलं, "विचारते." आज सकाळपासून दोनदा विचारून झालं, पत्र टाकलंस का म्हणून.

तर याचं उत्तर लिही. तुला आगीचं काही माहीत नाही असं धरून लिही. कशी ठेवायची, कुठे ठेवायची, किती दिवसांनी बघायची, सुचेल तेवढं सगळं लिही, पानं वाढली तरी चालतील. अक्षर मात्र मोठं काढ. कागद मी लांबून धरते, आणि त्यांना मी वाचलेलं चालत नाही.

आई